पिस्टनला मागे कोण घेतं?

जुन्या गाडीचा डिस्क ब्रेकचा कॅलिपर उघडून बाकावर मांडला की आत निघालेल्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजता येतात. ओतीव लोखंडाचं जड अंग, एका बाजूने बंद असलेला पोकळ पिस्टन, धूळ अडवणारं रबरी बूट, हवा काढायचा निप्पल, आणि एक रबरी कडी. कडीचा छेद गोल नसतो, चौकोनी असतो. ड्रम ब्रेकवर हात बसलेला मिस्तरी या पसाऱ्यात आपोआप आणखी एक वस्तू शोधू लागतो. स्प्रिंग. ड्रममध्ये ब्रेक-शूला परत जागेवर ओढणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, त्या चढवताना बोटं सोलून निघतात. इथे स्प्रिंग नाहीच. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला पुढे ढकलतं, हे समजलं. पण पाय उचलल्यावर त्याला मागे कोण घेतं?

ती रबरी कडीच घेते, आणि कशी घेते हे कळलं की पुढचे काही दिवस माणूस रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या चाकात वाकून बघू लागतो.

कडी बसते कॅलिपरच्या आतल्या भिंतीत कोरलेल्या खाचेत आणि पिस्टनला चारी बाजूंनी आवळून धरते. दाब आल्यावर पिस्टन पुढे सरकतो, पण रबर लगेच घसरत नाही. पिस्टनला टेकलेली त्याची आतली बाजू पिस्टनबरोबर जराशी पुढे जाते आणि बाहेरची बाजू खाचेतच अडकून राहते. म्हणजे कडी पिळवटते. दाब गेला की ती पुन्हा सरळ होते आणि सरळ होता होता पिस्टनला आपल्याबरोबर मागे आणते. किती? मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढं, बस्स. पॅड डिस्कवरून सुटायला तेवढं पुरतं. त्याहून बरंच मागे आणलं असतं तर पुढच्या वेळी पेडल उगाच खोल गेलं असतं.

आता पॅड झिजले की काय होतं ते पाहा. पिस्टनला आधीपेक्षा थोडं जास्त पुढे जावं लागतं. कडी जितकी पिळवटू शकते तितकी पिळवटते आणि मग पिस्टन तिच्यातून किंचित घसरून पुढे जातो. दाब गेल्यावर कडी त्याला मागे घेते ते या नव्या जागेवरून, आणि अंतर तेवढंच. म्हणजे पॅड नवा असो की कागदासारखा उरलेला असो, डिस्क आणि पॅड यांच्यातली फट तीच राहते. ड्रममध्ये हीच फट ठेवायला मिस्तरीला गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने दातेरी चाक फिरवावं लागायचं. एकच कडी तेल अडवते, पिस्टन परत आणते आणि झिजेची भरपाईही करते. अख्ख्या कॅलिपरमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

तिच्या आधाराने जे वजन तोललं जातं त्याचा अंदाज घेऊ. १९६९ पासून जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांना पुढच्या चाकांवर एक-पिस्टनचा मोठा कॅलिपर आला. त्याच्या पिस्टनचा व्यास २ पूर्णांक १५/१६ इंच, म्हणजे ७४.६ मिलिमीटर. तोंडाचं क्षेत्रफळ झालं सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर. जोरात ब्रेक मारल्यावर तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला ५० किलो धरला, तर पिस्टन पॅडला दोन टनांहून जास्त जोराने दाबतो. पिस्टन तर एकाच बाजूला आहे, मग डिस्कच्या दुसऱ्या बाजूच्या पॅडला कोण दाबतं? कॅलिपरचं अंगच. ते दोन बोल्टांवर आडवं सरकायला मोकळं असतं. आतून तेल जेवढ्या जोराने पिस्टनला पुढे रेटतं, तेवढ्याच जोराने कॅलिपरला मागे रेटतं, आणि मागे सरकणारा कॅलिपर पलीकडचा पॅड डिस्कवर आणून दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत आपण बंदूक आणि गोळी यांवर शिकलो. त्याचं इतकं शांत आणि इतकं रोजचं उदाहरण कुणी दाखवलं नव्हतं.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि सोलापूरकडून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे येणारा रस्ताही इथेच मिळतो. दक्षिणेला लळिंगचा घाट, उत्तरेला शिरपूर ओलांडलं की पळासनेर-बिजासणचा उतार. ब्रेक म्हणजे काय हे या शहराला सांगावं लागत नाही. आग्रा रोडच्या गॅरेजांमध्ये सगळ्यात जास्त काम ट्रकचं, आणि ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी. पण जुनी अमेरिकन गाडी खानदेशाला परकी कधीच नव्हती.

अमेरिकन गाडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे लांबलचक शेव्हरोलेट येते. आपल्याकडची खरी अमेरिकन गाडी मात्र जीप. विलीसच्या परवान्यावर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली, पुढे इथेच बनू लागलेली, सातपुड्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर जन्म काढणारी. तिच्या चारही चाकांत ड्रम. तिच्या आधीची पिढीही तशीच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९४७ पासून कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडल्या. या सगळ्या गाड्यांना ड्रमचे ब्रेक होते, डिस्क एकीलाही नव्हती.

कारण अमेरिकेतच डिस्क उशिरा रुजली. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं, पण त्याचे तांब्याचे पॅड इतके किंचाळायचे की कल्पना बासनात गेली. अमेरिकेत १९४९ मध्ये क्रॉस्ली नावाच्या चिमुकल्या गाडीला डिस्क बसल्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या गंजून जाम होऊ लागल्या आणि लवकरच कंपनी पुन्हा ड्रमवर आली. मग १९५३ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार जिंकली आणि युरोप हलला. अमेरिकेने आणखी नऊ वर्षं घेतली. १९६२ मध्ये आलेल्या स्टुडबेकर अवांतीच्या पुढच्या चाकांवर डनलॉपच्याच आराखड्याचे कॅलिपर होते, ते बनवले होते बेंडिक्स कंपनीने. १९६५ मध्ये शेव्हरोलेट कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क आल्या. आणि तोवर भारतात परदेशी गाडीच्या आयातीचा दरवाजा जवळजवळ बंद झाला होता. वकिलातीची, संस्थानिकाची, एखाद्या नटाची, अशा मोजक्या गाड्या आल्या तेवढ्याच. त्यामुळे अमेरिकन कॅलिपर खानदेशात गाडीला लागून आला नाही.

तो कारखाना होऊन आला. पुण्याच्या कल्याणी समूहाने १९८० च्या दशकात बेंडिक्सच्या तंत्रसहकार्याने जळगावला कल्याणी ब्रेक्स हा कारखाना उभा केला. अवांतीचे कॅलिपर बनवणारी बेंडिक्स ती हीच. तिचा संस्थापक व्हिन्सेंट बेंडिक्स आपल्या प्रत्येक ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या तोंडी आहे, कारण स्टार्टरमधलं सरकतं दातेरी चाक त्यानेच आणलं आणि त्याच्याच नावाने ते विकलं जातं. ब्रेकचा धंदा त्याने १९२४ मध्ये आंरी पेरो या फ्रेंच अभियंत्याकडून हक्क घेऊन सुरू केला. पुढे मालक बदलत गेले. १९९६ मध्ये बेंडिक्सचा ब्रेकचा जागतिक व्यवसाय बॉशकडे गेला, म्हणून जळगावच्या फाटकावर बॉशची पाटी लागली. २०१२ मध्ये बॉशने तो केपीएस या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला आणि नाव झालं चेसिस ब्रेक्स इंटरनॅशनल. २०१९ मध्ये हिताचीने तो घेतला. केळी, सोनं आणि पाइप यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावातून देशभरच्या गाड्यांना ब्रेक जातात, हे खुद्द जळगावात कितीजणांना ठाऊक आहे, देव जाणे. सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मात्र कल्याणी ब्रेक्सची केबीएक्स ही अक्षरं सगळे ओळखतात.

आता समजा, सत्तरच्या आसपासची एखादी शेव्हरोलेट किंवा डॉज कुठल्याशा बंगल्याच्या शेडमधून निघाली आणि धुळ्याच्या गॅरेजात टोचन लावून आली. चाकं जाम आहेत. पहिला प्रश्न दुरुस्तीचा नसतोच. हा कॅलिपर कुठला, हा असतो. कागदपत्रांवरचं साल उपयोगाचं असतं, पण पुरेसं नसतं. एक तर अमेरिकन कंपन्या स्वतः कॅलिपर बनवतच असं नाही. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांवर बड, बेंडिक्स आणि केल्सी-हेज अशा तीन-तीन कारखान्यांचे कॅलिपर दिसतात. शिवाय पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल याचा नेम नाही. जुन्या दप्तरांचा अभ्यासक पत्रातला मजकूर वाचण्याआधी कागद, अक्षराचं वळण, शिक्का आणि तिथी पाहतो. राजवाडे संशोधन मंडळाच्या गावात हे वेगळं सांगायला नको. कॅलिपर तसाच वाचायचा.

आधी तारेच्या ब्रशने घासून अंगावरचे आकडे उघडे करायचे. फुगीर आकडे साच्यातून आलेले असतात, ते ओतकामाचे. खोदलेले किंवा ठोकलेले आकडे नंतरच्या कामाचे. यातला फरक महत्त्वाचा आहे, कारण एकाच साच्यातलं ओतकाम लेथवर वेगवेगळ्या मापाला कापून वेगवेगळ्या गाड्यांना दिलं जायचं. त्यामुळे फुगीर आकडा घराण्याचं नाव सांगतो, माणसाचं नाही. माणसासाठी व्हर्नियर लागतो. पिस्टनचं माप मिलिमीटरमध्ये विचित्र आलं, ७४.६, ४७.६, ३४.९, तर गोंधळायचं नाही. ती इंचांची मापं आहेत. ४७.६ म्हणजे १ पूर्णांक ७/८ इंच आणि ३४.९ म्हणजे १ पूर्णांक ३/८ इंच, आणि ही जोडी पुढे-मागे सापडली तर समोर १९६५ ते १९८२ मधली कॉर्व्हेट आहे असं समजायला हरकत नाही. आट्यांचंही तसंच. इंचाच्या आट्यांत मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे गोडीने जातो आणि तिसऱ्याला आटे खाऊन टाकतो. ब्रेकच्या नळीचं तोंडही तपासावं: अमेरिकन नळीचं टोक आत दुमडून दुहेरी केलेलं असतं, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं फुगवून गोल केलेलं. एकाच्या जागी दुसरं आवळलं तर बसल्यासारखं दिसतं, आणि गळतं.

सगळ्यात सोपी खूण निप्पलची. कॅलिपर गाडीवर बसवल्यावर हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला आलाच पाहिजे, कारण हवा वर चढते. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तरी बोल्ट बसतात, पॅड बसतात, सगळं शहाण्यासारखं दिसतं. फक्त निप्पल खाली येतो. मग कितीही हवा काढा, पेडल स्पंजासारखंच राहतं. या एका कारणासाठी लोकांनी मास्टर सिलिंडर बदलल्याच्या गोष्टी जगभरच्या गॅरेजांत सांगितल्या जातात.

मात्र ओळख पटवण्याचं माझ्या मते खरं कारण निराळंच आहे. रबर कुठे बसलंय, यावर पुढची सगळी दुरुस्ती ठरते. कडी भिंतीतल्या खाचेत असेल, तर पिस्टन तिच्यातून सरकतो. म्हणजे तेल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा. भिंतीला थोडे खड्डे पडले असले तरी चालतं, पिस्टनवर नखाला लागेल एवढाही गंजाचा ठिपका चालत नाही. उलट रबर पिस्टनवर चढवलेलं असेल आणि ते भिंतीवर घासत जात असेल, तर भिंत आरशासारखी हवी, पिस्टनच्या अंगाचं फारसं बिघडत नाही. जीपच्या ड्रममधला व्हील सिलिंडर या दुसऱ्या जातीचा. हे न बघता पॉलिश पेपर घेऊन बसणारा माणूस तासभर चुकीचा पृष्ठभाग चमकवत बसतो.

कॉर्व्हेटही दुसऱ्या जातीची, आणि तिची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. तिच्या प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन, डिस्कच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. प्रत्येक पिस्टनवर ओठासारखी कड असलेलं रबर, आणि मागे चक्क स्प्रिंग. पण ही स्प्रिंग पिस्टनला मागे ओढत नाही, पुढे ढकलते. पॅड डिस्कला कायम हलकेच टेकलेले राहावेत अशी योजना. डिस्क अगदी सरळ फिरत असेल तोवर उत्तम. पण ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जरी डुगडुगली, तरी प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर होऊ लागतात. ओठाचं रबर आतला दाब बाहेर जाऊ देत नाही, कारण दाबाने ओठ भिंतीवर आणखी घट्ट बसतो. उलट दिशेने मात्र तो सैल असतो. मग पिस्टनच्या त्या डुगडुगीबरोबर बाहेरची हवा थोडी थोडी आत ओढली जाते. तेलाचा एक थेंबही गळालेला नाही, आणि ब्रेकमध्ये हवा! मालक पुन्हा पुन्हा हवा काढतो, कॅलिपरला शिव्या देतो, आणि दोष असतो डिस्कमध्ये.

त्यात भर ओलाव्याची. उभ्या राहिलेल्या गाडीत ओठाखालच्या लोखंडी भिंतीला गंज धरतो आणि गळती सुरू होते. यावर जो उपाय निघाला तो आपल्याकडच्या कुठल्याही इंजिन-बोअरिंग करणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही: भोक मोठं करून आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह ठोकायची आणि ती पुन्हा मूळ मापाला कापायची. लोखंडाचा कॅलिपर राहिला, गंजणारी भिंत गेली. आज बाजारात मिळणाऱ्या जुन्या कॉर्व्हेटच्या दुरुस्त कॅलिपरांमध्ये स्लीव्ह ही नेहमीची गोष्ट आहे.

जाम झालेला पिस्टन बाहेर काढणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग, आणि इथेही एक सुंदर भौतिकशास्त्र लपलंय. बहुतेक गॅरेजांत नळीच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात. पिस्टन अडून बसतो, हवा दाबली जात राहते, आणि मग तो एकदम सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा. समोर लाकडाचा ठोकळा नसेल आणि बोटं असतील, तर बोटं जातात. त्यापेक्षा ग्रीस गन बरी. निप्पलच्या भोकात जुळणारं तोंड बसवून ग्रीस भरत गेलं की तेवढाच, किंबहुना जास्त दाब मिळतो, पण पिस्टन सुटल्यावर जागच्या जागी थांबतो. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात स्प्रिंगसारखी शक्ती साठतच नाही. ब्रेकमध्ये तेल का वापरतात आणि हवा का काढतात, त्याचं उत्तर हेच. नंतर ग्रीसचा कण न् कण काढून टाकावा लागतो, ही त्याची किंमत.

गंज काढायला मला आवडणारी पद्धत विजेची. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार कॅलिपरला आणि धन तार भंगारातल्या लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो आणि चांगल्या लोखंडाचा कणही जात नाही. आम्ल तसं करत नाही, ते गंजाबरोबर लोखंडही खातं. दोन गोष्टी सांभाळायच्या. पट्टी स्टेनलेसची घ्यायची नाही, कारण तिच्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं. आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा काम उघड्यावर करायचं आणि जवळ विडी ओढायची नाही. जुने पॅड काढताना तर तोंडाला फडकं पुरत नाही. त्या काळच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ हवेने कधीही उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करायची.

मग खाच. चौकोनी कडीची खाच साफ करणं हे कामाचं मर्म आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. खाचेच्या तळाशी गंज साचला की तो कडीला आतून वर उचलतो, कडी पिस्टनला गरजेपेक्षा जास्त आवळते, आणि ब्रेक सुटेनासा होतो. बाहेरून पिस्टन चकचकीत दिसतो, दोष आत असतो. पण स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं नाही. खाचेची एक बाजू मुद्दाम तिरकी कापलेली असते, कडीला पिळवटायला जागा मिळावी म्हणून. ती कड मोडली की पिस्टन किती मागे यायचा हे गणितच बिघडतं. लाकडाची टोकदार काडी, पितळी ब्रश आणि सबुरी, एवढंच लागतं.

आता एक सवय, जी आपल्या गॅरेजांतून काढणं सगळ्यात अवघड आहे. काहीही धुवायचं म्हटलं की रॉकेल नाहीतर डिझेल. कॅलिपरच्या बाबतीत हे विष आहे. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. नवी कडी बोटभर डिझेलने पुसली तरी ती सुजते, आणि मग पिस्टन जाम. हे भाग स्पिरिटने किंवा ब्रेक क्लीनरने धुवायचे, कडी बसवताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस लावायचं. त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नसतंच, ग्लायकोल वर्गातलं रसायन असतं. आणि त्याच्याही आधी, तेलाचे ब्रेक निघाले तेव्हा, नळ्यांमध्ये काय भरत होते? एरंडेल! एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गने आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने चारही चाकांना तेलाचे ब्रेक दिले त्या जमान्यात, पेट्रोलियमच्या देशातल्या गाड्या थांबायच्या त्या वनस्पतीच्या तेलावर, कारण त्या काळचं रबर झाडाच्या चिकाचं होतं आणि त्याला एरंडेल सोसत होतं. खानदेशात कपाशीच्या कडेने एरंडी लावा म्हणजे पानं खाणारी अळी तिच्यावर जाते, असं कृषी खातं सांगत आलंय. त्याच झाडाने एके काळी डेट्रॉइटचे ब्रेक चालवले.

ग्लायकोलचा एक दुर्गुण आहे: ते हवेतला ओलावा पितं. डॉट ३ जातीचं ताजं तेल कमीत कमी २०५ अंश सेल्सियसला उकळायला हवं, असं मानक सांगतं. ओलावा प्यायल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. यात काय अडचण, असं वाटेल. १४० अंश म्हणजे पुष्कळच की. म्हणून थोडा हिशोब करू.

१,८०० किलोची शेव्हरोलेट ताशी ८० किलोमीटर वेगाने येतेय आणि ती एकदा पूर्ण थांबवली. तिच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णता झाली, तर ती सुमारे ४४४ किलोज्यूल भरते. तीस अंशांचं दीड लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते, आणि आपण ती पाच-सहा सेकंदांत चार चाकांत ओतली. आता हीच गाडी कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरतेय असं धरा. उंचीतला फरक तीनशे मीटर मानला आणि ड्रायव्हरने गियरमध्ये न उतरता नुसता ब्रेक धरला, तर पन्नास लाख ज्यूलांहून जास्त उष्णता तयार होते. अठरा लिटर पाणी उकळेल एवढी, तीही जळगावच्या मे महिन्यात, जिथे सावलीतलाच पारा पंचेचाळीसला टेकतो. पॅडमधून ही धग पिस्टनला लागते, पिस्टनमधून तेलाला. तेल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ हवेसारखी दाबली जाते, आणि पेडल फळीपर्यंत जातं. जुन्या गाडीचा कॅलिपर कितीही सुरेख उतरवला-चढवला असला आणि तेल मात्र जुनंच ठेवलं असलं, तर घाटात उपयोग शून्य.

डिस्कचा मोठेपणा याच उतारावर कळतो. तापलेला ड्रम फुगतो आणि ब्रेक-शूपासून लांब जातो, म्हणजे जितका तापेल तितकं पेडल खोल. तापलेली डिस्क फुगते ती जाडीने, पॅडच्या दिशेने. धातूचं तेच प्रसरण, एका रचनेत माणसाविरुद्ध जातं आणि दुसरीत त्याच्या बाजूने. शिवाय डिस्क उघड्यावर फिरते. कॉर्व्हेटची तर सव्वा इंच जाड आणि मधून पोकळ, दोन पत्र्यांमध्ये पंखे असलेली; चाक फिरतं तेव्हा ती स्वतःलाच वारा घालते.

कॅलिपर परत बसवल्यावर दोन गोष्टी लोक विसरतात. एक, रबरी होज. पन्नास वर्षांची होज बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सुजून तिचं भोक सुईएवढं होतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला कडीच्या त्या चिमुकल्या ताकदीला ते जमत नाही. चाक धरून राहतं आणि दोष नव्या कॅलिपरला लागतो. निप्पल सैल करून थेंबभर तेल सोडल्यावर चाक मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे, होज बदला. दोन, ज्या बोल्टांवर कॅलिपरचं अंग सरकतं ते बोल्ट. ते गंजले की अंग सरकत नाही, आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जाड राहतो. पॅडची अशी जोडी हातात आली की न उघडताच निदान होतं. त्या बोल्टांना सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, बेअरिंगमध्ये भरतात ते साधं ग्रीस नाही.

नवे पॅड पहिल्याच दिवशी घाटात न्यायचे नाहीत. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करायचा, मध्ये थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की पकड येते. बाटली फोडली की तेल लगेच वापरायचं, उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही. आणि भरल्याची तारीख मास्टर सिलिंडरच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवायची. दोन वर्षांनी ती वाचली की बाटली नवी आणायची.